डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली? अपील असं लिहा

रेकॉर्ड ऑफिसच्या, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या फौजेच्या कार्यालयाच्या, पत्रात ‘नायदर ॲट्रिब्युटेबल नॉर ॲग्रॅव्हेटेड’ (आजार नोकरीमुळे झालाही नाही, वाढलाही नाही) एवढं वाचलं की आमच्या साताऱ्याकडचे बरेच जवान ते पत्र ट्रंकेच्या तळाशी टाकतात. भावांनो, तसं करू नका. मी फौजेत क्लार्क होतो, आता माजी सैनिकांची अपिलं लिहून देतो. बीपी, शुगर, फिट्स, मानसिक आजार यांचे दावे याच एका ओळीवर अडतात, आणि उत्तरही त्याच ओळीला द्यायचं असतं.

पहिलं अपील पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत, रेकॉर्ड ऑफिसमार्फत. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांचं बेळगावला.

लिहायला बसण्याआधी तुमचं अपंगत्व तपासणाऱ्या मेडिकल बोर्डाच्या अहवालाची पूर्ण प्रत मिळवा. देत नसतील तर माहिती अधिकारात 10 रुपये भरून मागा. आजार नोकरीमुळे का नाही, याचं बोर्डानं काय कारण दिलंय ते शोधा. पुष्कळदा ‘कॉन्स्टिट्युशनल डिसऑर्डर’ (म्हणजे अंगचाच आजार) किंवा ‘आजार पीस स्टेशनला (शांत भागातल्या छावणीत) सुरू झाला’ एवढंच असतं. ते पुरेसं नाही. अशा पेन्शनच्या 1982 च्या नियमांप्रमाणे भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा धडधाकट होता असंच धरतात, आणि पुराव्याचा भार त्याच्यावर नसतो. धरमवीर सिंग या फिट्स येणाऱ्या जवानाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं 2013 मध्ये हेच सांगितलं. अपिलात या निकालाचं नाव घालाच. मात्र सप्टेंबर 2023 नंतर फौजेतून बाहेर पडलेल्यांना नवे नियम लागतात. त्यांनी ते आधी वाचावेत.

नुसती हालाखी सांगून भागत नाही, तारखा द्या. भरतीला शेप-वन (पूर्ण तंदुरुस्त) होतो, अमुक साली फील्डला (सीमेवर किंवा खडतर भागात) होतो, तिथं ड्युटी अशी होती, पहिलं निदान या एमएचमध्ये (मिलिटरी हॉस्पिटलात) झालं. पीसला आल्यावर थोड्याच दिवसांत दुखणं निघालं असेल तर त्याआधीची फील्ड पोस्टिंग ठळक लिहा. बोर्ड नेमकं तिथंच बघत नाही. पोस्टिंगच्या नोंदी आणि हॉस्पिटलच्या डिस्चार्ज स्लिपा जोडा.

अपंगत्व 20 टक्के किंवा जास्त असेल तर राउंडिंगही, म्हणजे टक्केवारी वर नेऊन धरणंही, मागा. सुप्रीम कोर्टाच्या 2014 च्या राम अवतार निकालानुसार 20 टक्क्यांचे 50 टक्के धरले जातात.

पहिलं फेटाळलं तर पुन्हा सहा महिन्यांत दुसरं अपील. तेही गेलं, किंवा सहा महिने उत्तरच आलं नाही, तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचं (फौजींच्या दाव्यांसाठीच्या न्यायाधिकरणाचं) मुंबई खंडपीठ आहे. जुनं प्रकरणही तिथं नेता येतं, पण थकबाकी साधारणपणे अर्जाआधीच्या तीनच वर्षांची मिळते. म्हणून ट्रंकेतलं पत्र आजच बाहेर काढा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन जा.