मेमरी कार्ड घेताना या चुका टाळा, नाहीतर ऐन अंतरपाटाला कॅमेरा थांबेल

मामेबहिणीच्या लग्नात फोटो काढायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं होतं. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं आणि मी शटरवर बोट ठेवून दणादण फोटो घेत सुटलो. 'सावधान' झालं, अंतरपाट खाली आला, वाजंत्री वाजली आणि माझ्या कॅमेऱ्यात 'बिझी' अशी पाटी. लाल दिवा लुकलुकतोय, मी बटण दाबतोय, मध्येच एखादा फोटो निघतोय. कॅमेरा भानावर आला तोवर हार घालून झाले होते आणि मंडळी केसांतल्या अक्षता झटकत होती.

कॅमेरा ठणठणीत होता. दोष माझ्या खरेदीचा. कार्डावर ठसठशीत '१०० एमबी प्रति सेकंद' छापलेलं बघून मी ते उचललं होतं.

मोठा आकडा वाचण्याचा असतो

दर्शनी भागावरचा तो आकडा बहुतेक वेळा कार्डातून फाइल वाचण्याचा कमाल वेग असतो. म्हणजे घरी येऊन फोटो कॉम्प्युटरवर घेताना उपयोगी. फोटो काढताना कामाला येतो तो लिहिण्याचा वेग. तो पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत असतो, नाहीतर नसतोच.

हिशेब करून बघा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल (प्रक्रिया न केलेला कच्चा फोटो) साधारण २५ एमबीची. सेकंदाला ८ फोटो म्हणजे दर सेकंदाला २०० एमबी माल तयार होतो. एवढं कार्डाला झेपत नाही, म्हणून कॅमेरा तो आधी स्वतःच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, साठवतो आणि तिथून सवडीने कार्डावर उतरवतो. माझ्या कॅमेऱ्याच्या बफरमध्ये वीसेक फोटो मावतात, म्हणजे ५०० एमबी. माझं कार्ड प्रत्यक्षात २५ एमबीच्या आसपासच लिहीत होतं. बफर भरायला तीनेक सेकंद आणि पूर्ण रिकामा व्हायला २०! ८० एमबीने लिहिणारं कार्ड असतं तर सहा-सात सेकंदांत मोकळा झालो असतो. (मंगलाष्टकभर उगाच बटण दाबत बसलो नसतो तरी निभावलं असतं, हेही खरं.)

छोट्या खुणा बघा

खात्रीचा वेग छोट्या खुणांमध्ये असतो. इंग्रजी सी अक्षराच्या पोटात १० म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी लिहिण्याची हमी. यू अक्षराच्या पोटात १ असेल तरी तेवढीच, ३ असेल तर ३० एमबी. व्ही३०, व्ही६०, व्ही९० यांचे आकडे थेट एमबीतच वाचायचे. माझ्या त्या कार्डावर सी १० आणि यू १ अशा दोन्ही खुणा होत्या. दुकानदार म्हणाला, "डबल रेटिंग आहे साहेब." हमी एकच, १० एमबीची.

ए१, ए२ या खुणा फोनमध्ये कार्डावरून ॲप चालवण्यासाठी असतात. कॅमेऱ्यासाठी त्यांचे जास्त पैसे मोजू नका.

कॅमेऱ्याची कुवत न बघता महागडं कार्ड

ही उलटी चूक, आणि ती जाणकार करतात. कार्डावर बारीक रोमन एक किंवा रोमन दोन लिहिलेला असतो, तो यूएचएसचा, म्हणजे कार्ड आणि कॅमेरा यांच्यातल्या वेगवान जोडणीचा, प्रकार. पहिल्या प्रकारात कमाल वेग १०४ एमबी, दुसऱ्यात ३१२. दुसऱ्या प्रकारच्या कार्डाच्या पाठीवर सोनेरी पट्ट्यांची आणखी एक ओळ असते. कॅमेऱ्याच्या खाचेत ती दुसरी ओळ टेकायची सोयच नसेल, तर कार्ड चालतं, पण पहिल्या प्रकारच्या वेगाने. पैसे पाण्यात.

मग पहिल्या प्रकारच्या काही कार्डांवर १७० किंवा २०० कसे छापतात? तो वेग कंपनीची स्वतःची युक्ती वापरून, तिला साथ देणाऱ्या कार्ड रीडरमध्ये मिळतो. कॅमेऱ्यात १०४ ची वेस ओलांडली जात नाही.

दोन खाचांच्या कॅमेऱ्यात आणखी एक गंमत. सोनीच्या ए-सेव्हन थ्रीमध्ये पहिली खाच यूएचएस दोनची आहे, दुसरी एकची. दोन्हीकडे एकदम फोटो साठवायला लावले की गाडी संथ कार्डाच्या चालीने चालते.

व्हिडिओचं गणित वेगळं

व्हिडिओचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, कार्डाचा मेगाबाइटमध्ये, म्हणजे एमबीत. ८ ने भागायला विसरलात की फसलात. १०० मेगाबिटचा फोर-के व्हिडिओ म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. त्याला व्ही३० पुरून उरतं. व्ही९० घेणं म्हणजे हौस. ४०० मेगाबिटवर चित्रीकरण करत असाल तर ५० एमबी लागतात, तिथे व्ही६० हवंच. इथे कमाल वेग बिनकामाचा. न थांबता टिकणारा किमान वेग बघायचा.

अडकतंय कुठे, हे घरीच तपासा

पुस्तकांच्या कपाटासमोर कॅमेरा धरा. कोऱ्या भिंतीचा फोटो नको, त्याची फाइल लहान होते आणि निकाल फसवा येतो. फोकस मॅन्युअल, शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान. बटण दाबून धरा, वेग मंदावला की सोडा आणि लाल दिवा विझेपर्यंतचा वेळ फोनवर मोजा. मग दुसऱ्या, अधिक वेगवान कार्डावर हेच करा. वेळ तेवढाच आला तर कॅमेऱ्याचीच मर्यादा गाठली आहे, नवीन कार्डाने काही होणार नाही. तेव्हा रॉ आणि जेपेग दोन्हीऐवजी एकच साठवा. काही कॅमेऱ्यांत नॉइज रिडक्शन (फोटोतले रवाळ ठिपके कमी करणारी सोय) जास्तीवर ठेवलं तरी बफर लवकर भरतो.

चांगलं कार्डही रखडत असेल तर फोटो आधी उतरवून घ्या आणि कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. अडॅप्टरमध्ये मायक्रो कार्ड घातलेलं असेल तर एकदा अस्सल मोठं कार्ड घालून बघा. संशय नकलीपणाचा असेल तर विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, मॅक किंवा लिनक्सवर एफथ्री ही फुकट साधनं आहेत. ती सगळं कार्ड भरून परत वाचून बघतात. वेळ खातात, रात्री लावून झोपा. हे सगळं दुकानाची परत घेण्याची मुदत संपायच्या आत उरका.