शून्य पुसू नका: विषमता मोजताना होणाऱ्या चुका

दरवर्षी अर्थशास्त्राच्या मुलांचे प्रकल्प माझ्या टेबलावर येतात. विषय बहुतेक वेळा एकच असतो, समाजातली विषमता धरून मानव विकास निर्देशांक काढणे. चुकाही त्याच असतात. त्या गणिताच्या नसतात, घाईच्या असतात, म्हणून जास्त राग येतो.

रीत अवघड नाही. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न या तिन्हींचा निर्देशांक काढायचा. मग प्रत्येकातली विषमता ॲटकिन्सनच्या मापाने काढायची: भूमितीय मध्याला (सगळ्या आकड्यांचा गुणाकार करून, आकडे जितके तितक्यावं मूळ) साध्या सरासरीने भागायचं आणि उत्तर एकातून वजा करायचं. त्या प्रमाणात प्रत्येक निर्देशांक कमी करायचा आणि उरलेल्या तिन्हींचा पुन्हा भूमितीय मध्य घ्यायचा. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम २०१० पासून असा आकडा देतो. २०२३ साठी भारताचा साधा निर्देशांक ०.६८५ आहे, विषमता धरली की तो ०.४७५ वर येतो. जवळजवळ ३१ टक्के घट.

शून्यवाल्या ओळी उडवणे

काही वर्षांपूर्वी एका मुलाने पुण्यात पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत स्वतः फिरून घरोघरी फॉर्म भरून घेतले. मेहनती मुलगा. पण त्याच्या फाइलमध्ये शिक्षणातली विषमता इतकी कमी आली होती की माझा विश्वास बसेना. मी कागदी फॉर्मचं बंडल मागवलं आणि एकेक फॉर्म फाइलशी ताडून पाहू लागले. मधेच एक फॉर्म आला. कचरा वेचणारी बाई, वय साठीच्या पुढे, शाळेच्या रकान्यात पेन्सिलीने ०, आणि सहीच्या जागी निळ्या शाईचा अंगठा, जरा फरफटलेला. ही बाई फाइलमध्ये नव्हती. शून्य लिहिलेला एकही फॉर्म फाइलमध्ये नव्हता.

"मॅडम, एक्सेल एरर देत होतं, म्हणून त्या ओळी काढल्या."

एक्सेल एरर देणारच. भूमितीय मध्यात एक जरी शून्य आलं तरी सगळा गुणाकार शून्य होतो. पण त्यावर उपाय म्हणून माणसंच काढून टाकायची?

पाच जणांचं उदाहरण घ्या: शाळेची वर्षं ०, ४, १०, १२ आणि १५. शून्य उडवलं की विषमता १० टक्के येते. आता विकास कार्यक्रमाच्या अहवालात करतात तसं करा, प्रत्येकाच्या वर्षांत एक मिळवा: १, ५, ११, १३, १६. विषमता येते साडेएकोणतीस टक्के. एक ओळ खोडल्यामुळे दोन तृतीयांश विषमता गायब झाली होती. वर सरासरी शिक्षणही ८.२ वरून १०.२५ वर गेलं, म्हणजे वस्ती शिकलेलीही दिसली आणि समानही.

दुसरी पळवाट आहे शून्याच्या जागी ०.०१ घालण्याची. इंटरनेटवर कुणीतरी सुचवलेलं असतं. याच पाच जणांत ते घालून बघा, विषमता ७१ टक्के! म्हणजे उत्तर माणसांवर नाही, तुम्ही घातलेल्या दशांशावर ठरलं. एक वर्ष मिळवायचं ते सगळ्यांना, आणि तसं आपल्या प्रकल्पात लिहायचं. माझी सवय अशी की बंडलातले फॉर्म आणि फाइलमधल्या ओळी यांची संख्या जुळल्याशिवाय मी कुठलंही सूत्र लावत नाही.

तालुक्यांच्या सरासरीवरून विषमता काढणे

२०१२ च्या महाराष्ट्र मानव विकास अहवालात पुणे जिल्हा ०.८१४ वर आहे आणि नंदुरबार ०.६०४ वर. हा अहवाल बाणेर रस्त्यावरच्या यशदाने, म्हणजे राज्य सरकारच्या प्रशिक्षण संस्थेनेच केलेला, त्यामुळे इथल्या प्रत्येक प्रकल्पात तो असतो. मुलं असेच तालुक्यांचे आकडे गोळा करतात, त्यांवर ॲटकिन्सन लावतात आणि "जिल्ह्यात विषमता अल्प" असं ठोकून देतात. तालुक्याची सरासरी घेतली तिथेच आतली विषमता पुसली गेली. पुणे शहर हा एक आकडा धरला की कोथरूडचा बंगला आणि पर्वतीची खोली एकच झाली. वेल्ह्यातला रस्त्यालगतचा गाव आणि घाटमाथ्यावरचा धनगरवाडा यांचंही तेच. घरोघरची माहिती नसेल तर जो आकडा येईल त्याला तालुक्यांमधला फरक म्हणा, जिल्ह्यातली विषमता म्हणू नका.

बाकीच्या

जुन्या अहवालातला आकडा नव्याशी जोडू नका. भारताचा २०२२ चा निर्देशांक विकास कार्यक्रमाच्या आधीच्या अहवालात ०.६४४ होता, नव्यात तोच ०.६७६ आहे, कारण माहिती सुधारली जाते. ०.६४४ वरून ०.६८५ ही एका वर्षातली झेप नव्हेच. एकाच अहवालातली मालिका वापरा.

उत्पन्नाचा निर्देशांक लॉगवर (लघुगणकावर) असतो, विषमता मात्र लॉग न घेतलेल्या उत्पन्नावर मोजायची.

घरखर्चाच्या पाहणीतली विषमता उत्पन्नातल्या विषमतेपेक्षा कमी दिसते. गरीब उधारीवर भागवतो, श्रीमंत शिल्लक टाकतो. या दोन पाहण्या एका तक्त्यात शेजारी ठेवू नका.

आणि एक गोष्ट या निर्देशांकाला मुळातच दिसत नाही. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांची माहिती वेगवेगळ्या ठिकाणांहून येते, त्यामुळे तिन्ही बाबतींत मागे राहिलेला माणूस एकच आहे की तिघं वेगळे, हे त्यातून कळत नाही. अंगठ्याच्या त्या फॉर्मवर तिन्ही रकाने एकाच बाईचे होते: शाळा शून्य, कमाई मिळेल तशी, पाचांतली दोन मुलं लहानपणीच गेलेली. विद्यार्थी एक्सेलमध्ये नेहमी रकाना वरून खाली बघतात. मी त्यांना सूत्र लावण्याआधी दहा ओळी आडव्या, मोठ्याने वाचून दाखवायला सांगते.