टावीनंतर झडपेची गळती मोजताना या चुका टाळा

छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत जुनी महाधमनी झडप कापून काढली जाते आणि नवी टाक्यांनी बसवली जाते. टावीत, म्हणजे रक्तवाहिनीतून नळीवाटे नवी झडप बसवण्याच्या पद्धतीत, मात्र कॅल्शियम साचलेली जुनी झडप जागीच राहते आणि नव्या झडपेची धातूची चौकट तिला भिंतीकडे दाबून बसते. दोहोंमध्ये जिथे फट उरते, तिथून हृदय शिथिल होताना रक्त डाव्या जवनिकेत (शरीराला रक्त पुरवणाऱ्या हृदयाच्या कप्प्यात) परत येते. टावीच्या पार्टनर या वैद्यकीय चाचणीच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या निष्कर्षांत सौम्य गळतीचाही वाढलेल्या मृत्युदराशी संबंध दिसला, त्यामुळे अहवालात ‘किंचित गळती’ एवढेच लिहून थांबणे पुरेसे नाही.

सर्वांत जास्त घोळ छातीवरून केलेल्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) आडवा छेद चुकीच्या पातळीवर घेतल्याने होतो. व्हार्क-३ या झडपेच्या संशोधनासाठी ठरवलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार गळतीने चौकटीच्या परिघाचा १० टक्क्यांहून कमी भाग व्यापला असेल तर ती सौम्य, १० ते ३० टक्के व्यापला असेल तर मध्यम आणि त्याहून अधिक व्यापला असेल तर तीव्र मानली जाते. हा निकष वापरायला सोपा असल्याने तो सर्रास वापरला जातो, पण छेद चौकटीच्या खालच्या कडेशी असेल तरच तो खरा ठरतो. छेद वर सरकला तर चौकट आणि महाधमनीची भिंत यांच्यामधल्या पोकळीत नुसते घुटमळणारे रक्तही गळती म्हणून मोजले जाते. खाली सरकला तर जवनिकेत शिरून पसरलेला झोत मुळापेक्षा रुंद दिसतो. म्हणून प्रोब सावकाश वरून खाली झुकवत न्यावा आणि जो झोत जवनिकेत उतरताना प्रत्यक्ष दिसतो तोच धरावा. अनेक लहान झोत असतील तर त्यांच्या रुंदीचीच बेरीज करावी, मधल्या मोकळ्या जागेची नव्हे. तरीही पातळ पण लांबट फट या पद्धतीत प्रत्यक्षाहून मोठी भासते. परिघाची टक्केवारी अहवालात एकटीच दिसली की मला शंका येते.

धातूची सावली हा दुसरा अडथळा आहे. छातीवरून पाहताना मागच्या बाजूची गळती झाकली जाते, तर अन्ननलिकेतून पाहताना पुढच्या बाजूची. त्यामुळे एकाच खिडकीतून ‘गळती नाही’ असा निर्वाळा देऊ नये. रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणाऱ्या कलर डॉप्लरची वेगमर्यादा सेकंदाला ५० ते ६० सेंमीच्या आसपास ठेवावी. ती कमी केली की झोत फुगून दिसतो.

प्रेशर हाफ टाइम (महाधमनी आणि जवनिका यांच्यातला दाबफरक निम्म्यावर यायला लागणारा वेळ) २०० मिलिसेकंदांपेक्षा कमी आला म्हणून गळती लगेच तीव्र ठरवू नये, कारण वर्षानुवर्षे अरुंद झडपेशी झुंजलेली जवनिका जाड व ताठर झालेली असते आणि तिच्यातला दाब तसाही झपाट्याने वाढतो.

कॅथलॅबमध्ये, म्हणजे झडप बसवली जाते त्या कक्षात, ताठ वायर झडपेतून आरपार असतानाच अँजिओग्राम केला, तर वायरने उघडी धरलेल्या पाकळीतून येणारे रक्तही गळतीत गणले जाते. डायस्टोलिक रक्तदाबातून जवनिकेचा अंतिम डायस्टोलिक दाब (हृदय शिथिल असण्याच्या शेवटच्या क्षणीचा) वजा करून, उरलेल्या आकड्याला सिस्टोलिक दाबाने भागून १०० ने गुणल्यास जो निर्देशांक मिळतो, तो २५ पेक्षा कमी असल्यास गळतीकडे गांभीर्याने पाहावे. मात्र नाडी फार मंद असताना हा आकडा फसवा ठरतो.

इकोचे निष्कर्ष परस्परविरोधी असतील तर एमआरआय उपयोगी पडतो. त्यात प्रवाह मोजण्याचे प्रतल धातूमुळे प्रतिमा विकृत होते त्या भागाच्या लगेच वर ठेवावे. एमआरआय एकूण परतलेले रक्त सांगतो. ते झडपेच्या कडेने आले की पाकळ्यांमधून, हे इकोनेच ठरवावे लागते.

तुलनेसाठी रुग्ण घरी जाण्यापूर्वीचा इको जपून ठेवावा आणि प्रत्येक वेळी रक्तदाब व नाडी नोंदवावी. निटिनॉल या मिश्रधातूच्या, आपोआप उमलणाऱ्या स्वयंप्रसरणशील झडपा पुढच्या काही आठवड्यांत आणखी उमलतात, त्यामुळे त्यांची गळती पुष्कळदा कमी होते. उलट, आधी नसलेली गळती नंतर दिसू लागली आणि सोबत ताप असेल, तर झडपेला जंतुसंसर्ग झाला आहे का, हे अन्ननलिकेतून इको आणि रक्ताचे कल्चर करून तातडीने तपासावे.