जगबुडीचा सिनेमा मोठ्या पडद्यावरच बघा

शहरं कोसळणारे, त्सुनामी डोंगर ओलांडणारे अचाट सिनेमे मोबाइलवर बघून ते वाया घालवू नका. त्यांचा अर्धा जीव आवाजात असतो. थिएटरच्या ५.१ ध्वनियंत्रणेतला तो ‘.१’ म्हणजे खास खालच्या पट्टीच्या गडगडाटासाठी राखलेला चॅनेल. इमारत पडताना छातीत जाणवतं ते त्याच्यामुळे. म्हणून तिकीट काढताना पडद्याला चिकटलेल्या रांगा सोडा, मधोमध आणि मध्याच्या थोडं मागे बसा.

आम्ही नवी मुंबईत सीवूड्सला जातो. मॉल स्टेशनलाच लागून आहे, त्यामुळे भर पावसातही छत्री उघडावी लागत नाही. चार-पाच जण मिळून जा, एकट्याने ही मजा येत नाही. पोटभर खाऊन जा.

आत शिरल्यावर विज्ञान तपासू नका. ते परतीच्या लोकलमध्ये, आणि तिथे मात्र जरूर. २००९ च्या ‘२०१२’ या सिनेमात न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण पृथ्वीचा गाभा तापवतात. प्रत्यक्षात तुमच्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला अब्जावधी न्यूट्रिनो आरपार जातात आणि जवळजवळ कशालाच धक्का लावत नाहीत! माझ्या भाचीने हे ऐकलं आणि वाशी येईपर्यंत प्रश्न विचारत राहिली. सिनेमातल्या भूकंपात जमीन दुभंगून गाड्या गिळते, हेही बोलायला छान. प्रत्यक्षात कॅलिफोर्नियातल्या सॅन अँड्रियास या भूकंपाच्या भेगेच्या दोन बाजू मुख्यतः एकमेकींना घासून आडव्या सरकतात, दरी उघडत नाही.

मुलं लहान असतील तर ट्रेलर आधी दाखवा. काहींना तो आवाजच सोसत नाही.