पहिली इलेक्ट्रिक गिटार घेताना पैसे कुठे घालायचे

आधी हे ऐका, बजेट २० हजार असेल तर सगळे गिटारवर उडवू नका, अँप (गिटारचा आवाज मोठा करणारा अँप्लिफायर), केबल आणि सेटअपला (तारांची उंची, सूर नीट जुळवून घ्यायला) ५-६ हजार बाजूला काढा, नाहीतर गिटार घरी येते आणि नुसती तारांची किणकिण ऐकत बसावं लागतं. वाजवणाऱ्यांना विचारलंत की यामाहाची पॅसिफिका, फेंडरचाच स्वस्त ब्रँड स्क्वायर आणि आयबानेझची जीआरएक्स ही नावं फिरून फिरून येतात. माझं मत पॅसिफिकाला, तारांचा आवाज पकडणाऱ्या तीन पिकअपपैकी ब्रिजपाशी (तारा खाली टेकतात तिथे) भरदार आवाजाचा हंबकर आणि बाकी दोन मोकळ्या आवाजाचे सिंगल कॉइल, म्हणजे क्लीन, साधा आवाजपण गोड आणि डिस्टॉर्शनलापण, त्या रॉकवाल्या फाटक्या आवाजालापण, दम.

सेकंडहँड बघताय? मग अँपला लावूनच बघा. १२व्या फ्रेटवर (दांड्यावरची धातूची आडवी पट्टी) हार्मोनिक वाजवा, म्हणजे तार न दाबता बोट नुसतं टेकवून, मग तिथेच तार दाबून वाजवा, ट्यूनरवर दोन्ही सूर एकच आले पाहिजेत. दाबलेला चढा येत असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो छोटा तुकडा) थोडं मागे घ्यायचं, स्क्रूड्रायव्हरचं काम आहे, घाबरू नका. नॉबची खरखर पण क्लीनर मारला की बहुतेक वेळा जाते, उलट ती दाखवून भाव पाडा. पण नेक, म्हणजे गिटारचा लांब दांडा, पिळलेला दिसला, की तिथूनच रामराम.

आणि पहिल्याच गिटारला लॉकिंग ट्रेमोलो (तारा घट्ट आवळलेला, दांडीने हलवता येणारा ब्रिज) नको हो! मी हौसेने घेतली होती, एक तार तुटली की बाकीच्या पाचही बेसूर, अख्खा रविवार ट्यूनिंगमध्ये, शेवटी आईच म्हणाली, अरे वाजवणार कधी?