घरून डिग्री, स्वमग्न प्रौढांसाठी: फॉर्म भरण्यापासून पेपर देण्यापर्यंत

ऑनलाइन कॉलेजचे फायदे कोणीही सांगेल. बसची गर्दी नाही, वर्गातली कुजबुज नाही, डबा खाताना कोणाशी काय बोलायचं हा प्रश्न नाही. पण कॉलेजबरोबर कॉलेजची घंटाही गेली, हे सहसा पहिली असाइनमेंट हुकल्यावर कळतं. हजेरी, तास संपल्याची खूण, ‘उद्या जर्नल दाखवायचंय’ म्हणून सांगणारी बाकावरची शेजारीण, हे सगळं बाहेरून मिळत होतं. स्वमग्न (ऑटिस्टिक) विद्यार्थ्याचं घोडं अडतं ते विषयापाशी कमी. कधी बसायचं, किती करायचं, कुठे थांबायचं आणि कोणाला विचारायचं इथे जास्त. म्हणून ती घंटा घरी कशी बसवायची, हेच खाली मुख्यतः सांगितलं आहे.

आधी परीक्षा बघा, मग विषय

‘ऑनलाइन’ या एका शब्दात तीन प्रकार येतात. पहिला, पूर्ण ऑनलाइन पदवी: व्हिडिओ, पोर्टल आणि बऱ्याच ठिकाणी घरून कॅमेऱ्यासमोर परीक्षा. दुसरा, दूरस्थ किंवा मुक्त शिक्षण: अभ्यास घरी, पण पेपर केंद्रावर जाऊन. पुणेकराच्या हाताशी असलेले पर्याय, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (इग्नू), १९८९ साली स्थापन झालेलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि पुणे विद्यापीठाची मुक्त अध्ययन प्रशाला, मुख्यतः या दुसऱ्या प्रकारातले. तिसरा, केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ पोर्टलवरचे सुटे कोर्स: शिकणं फुकट, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी.

माहितीपत्रकात विषयांची यादी वाचण्याआधी एवढं शोधा: पेपर हाताने लिहायचा की टाइप करायचा, तो घरून की केंद्रावर, लाइव्ह तासांचं रेकॉर्डिंग मिळतं का, गटाने करायचा प्रकल्प आहे का, तोंडी परीक्षा आहे का. इग्नूच्या बहुतेक अभ्यासक्रमांत असाइनमेंटला ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला ७० टक्के वजन असतं, आणि असाइनमेंट साधारणपणे हाताने लिहावी लागते. लिहिताना हात भरून येत असेल, अक्षर बिघडत असेल, तर ही बाब फीपेक्षा महत्त्वाची आहे. आमचं मत विचाराल तर पदवीला नाव घालण्याआधी ‘स्वयम्’वरचा एक सुटा कोर्स शेवटपर्यंत करून बघावा. आपली गाडी कुठे अडते ते थोडक्या खर्चात कळतं.

मान्यता मात्र स्वतः तपासा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) दूरस्थ शिक्षण ब्युरोच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचं नाव असून भागत नाही. तोच अभ्यासक्रम त्याच सत्रासाठी यादीत असायला हवा. प्रवेशाला आता एबीसी आयडी (मिळवलेले क्रेडिट जमा ठेवणाऱ्या खात्याचा क्रमांक) आणि त्यावरून काढलेला डेब आयडी (याच ब्युरोचा विद्यार्थी क्रमांक) लागतो. इथे महाराष्ट्रातल्या मुलांची एक ठरावीक पंचाईत होते: दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठे वडिलांचं नाव पूर्ण तर कुठे नुसतं आद्याक्षर. नावं जुळली नाहीत की फॉर्म अडकतो आणि दुरुस्तीत दिवस जातात. प्रवेश सुरू व्हायच्या दोन महिने आधी सगळे कागद एकाशेजारी एक ठेवून नावं अक्षर-अक्षर लावून बघा. (बारकावे पकडण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही, तेव्हा हे काम दुसऱ्यावर सोडू नका.)

दिव्यांग प्रमाणपत्र

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर कलम ३२ नुसार सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आणि वयोमर्यादेत ५ वर्षांची सूट मिळते. अर्ज यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, ‘स्वावलंबन’ पोर्टलवर भरायचा. पुण्यात तपासणीसाठी ससून किंवा औंधचं जिल्हा रुग्णालय.

तपासणीत ‘इसा’ ही भारतीय मोजपट्टी वापरतात: ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज ७० च्या खाली आली तर स्वमग्नता धरत नाहीत. मोठ्यांच्या बाबतीत घोटाळा इथेच होतो. आयुष्यभर नजरेला नजर द्यायची सवय लावून घेतलेली, उत्तरं पाठ करून बोलणारी माणसं तपासणाऱ्या वैद्यकीय बोर्डासमोर नेमकी ‘छान’ वागतात आणि गुण कमी पडतात. म्हणून लहानपणी तुम्हाला पाहिलेलं कोणीतरी, आई, मावशी, मोठा भाऊ, सोबत न्या. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा अहवाल न्या. आणि एका पानावर लिहून न्या की रोजच्या कोणत्या गोष्टी दुसऱ्याच्या मदतीशिवाय होत नाहीत: बँकेत फोन करणं, ठरलेली वेळ बदलली तर काय होतं, आवाजाने कितीदा काम सोडावं लागतं. ‘त्रास होतो’ असं मोघम नको. ‘आठवड्यातून तीनदा’ असं लिहा.

सवलती पत्राने मागा, प्रवेशाच्याच आठवड्यात

फोनवर झालेलं बोलणं परीक्षेच्या दिवशी कोणाला आठवत नाही. त्याच २०१६ च्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे सरकारमान्य शिक्षणसंस्थांनीही विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करून द्यायची आहे, तेव्हा मागताना संकोच नको. ईमेल अभ्यासकेंद्राच्या समन्वयकांना आणि परीक्षा विभागाला एकाच वेळी पाठवा. मजकूर एवढाच पुरे:

‘मा. महोदय/महोदया, मी अमुक अभ्यासक्रमाच्या पहिल्या सत्राची विद्यार्थिनी आहे. नोंदणी क्रमांक अमुक. मला स्वमग्नता असून यूडीआयडी प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. मला पुढील सोयी हव्या आहेत. एक, लाइव्ह तासात कॅमेरा बंद ठेवून चॅटमधून प्रश्न विचारण्याची परवानगी. दोन, तोंडी दिलेल्या सूचना त्याच दिवशी लेखी. तीन, परीक्षेत नियमानुसार जादा वेळ आणि दाराजवळची किंवा कोपऱ्यातली जागा. चार, कानात आवाज रोखणारे प्लग. कृपया होकार किंवा अडचण लेखी कळवावी.’

चारपेक्षा जास्त मागण्या एका पत्रात घालू नका. वाचणारा पहिल्या दोन बघतो आणि पत्र बाजूला ठेवतो. सात कामाच्या दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच ईमेलवर ‘स्मरणपत्र १’ असं लिहून पुन्हा पाठवा. हा उद्धटपणा नाही, सरकारी कामाची रीतच आहे.

तास मोजून विषय घ्या

मुक्त शिक्षणात १ क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. ४ क्रेडिटचा एक विषय १२० तास. सत्र २० आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला ६ तास. असे पाच विषय म्हणजे आठवड्याला ३० तास. नोकरी असेल तर हे बसत नाही, आणि नसेल तरी पहिल्या सत्रात बसेलच असं नाही. पदवीला किमान काळाखेरीज कमाल काळही दिलेला असतो. इग्नूच्या तीन वर्षांच्या बीएला सहा वर्षं मिळतात. ती सवलत सगळ्यांसाठीच आहे, ती वापरल्याचं कुठे नोंदलं जात नाही.

दिवस भरताना पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी हा घड्याळी फॉर्म्युला पुष्कळांना लागू पडत नाही. डोकं विषयात शिरायलाच वीस मिनिटं लागतात, आणि शिरल्यावर अलार्मने बाहेर ओढलं की उरलेला दिवस वाया. त्याऐवजी ५० ते ७० मिनिटांची बैठक ठरवा आणि शेवट घड्याळावर न ठेवता मजकुरावर ठेवा: ‘हा उपघटक संपेपर्यंत’. फक्त जेवणाची आणि झोपेची वेळ अलार्मवर असू द्या. रंगात आलं की याच दोन गोष्टी आधी विसरतात.

बसायला जमतच नाही याचं कारण आळस नसतो, तर यादीत लिहिलेलं काम हे कामच नसतं. ‘मानसशास्त्र असाइनमेंट’ हे काम नव्हे. चिठ्ठी अशी हवी:

‘मंगळवार, ११ वाजता, खिडकीचं टेबल. घटक ३ ची पीडीएफ उघडणे. प्रश्न २ वहीच्या वरच्या ओळीत उतरवणे. पान ४१ ते ४६ वाचून फक्त मथळे लिहिणे. थांबणे.’

उठताना त्याच चिठ्ठीच्या मागे पुढचं पहिलं पाऊल लिहा, शक्यतो अर्धवट वाक्य. पूर्ण वाक्यानंतर सुरुवात नव्याने करावी लागते. अर्धं वाक्य नुसतं पुरं करायचं असतं.

प्रश्नातली क्रियापदं

अभ्यास पक्का असून गुण जातात ते इथे, म्हणून थोडं थांबून वाचा. ‘चर्चा करा’ म्हणजे संवाद लिहायचा नाही; मुद्द्याच्या दोन्ही बाजू मांडायच्या आणि शेवटी कोणती बाजू जड ते सांगायचं. ‘टीकात्मक परीक्षण करा’ म्हणजे दोष काढा असं नाही. जमेच्या बाजू आणि मर्यादा, दोन्ही. ‘विशद करा’ म्हणजे उलगडून सांगा. ‘सोदाहरण’ असेल तर उदाहरण नसलेलं अचूक उत्तरही अपुरं. ‘तुमच्या शब्दांत’ म्हटलं तरी पारिभाषिक शब्द बदलायचे नाहीत, फक्त वाक्यं तुमची हवीत. आणि ‘थोडक्यात’ हा सापळा आहे: तुम्हाला त्या विषयातलं सगळं ठाऊक असतं, आणि सगळं लिहिलं नाही तर खोटं बोलल्यासारखं वाटतं. परीक्षकाला तसं वाटत नाही. शब्दमर्यादा दिली नसेल तर गुण मोजा: ५ गुणांना पाच मुद्दे, प्रत्येकी दोन-तीन वाक्यं, पुढचा प्रश्न.

प्रश्नाचे दोन अर्थ निघत असतील तर ‘नीट समजलं नाही’ असं विचारू नका. तेच घटक पुन्हा वाचायला सांगतात. ‘प्रश्न ४ मध्ये तुलना फक्त उद्दिष्टांची करायची की पद्धतींचीही?’ असं विचारलं की एका ओळीत उत्तर येतं.

व्हॉट्सॲपचा वर्गगट म्युट करा, पण सोडू नका. दोनशे शुभ सकाळींमध्ये तारीख बदलल्याची एक ओळ येते. संध्याकाळी ठरल्या वेळी ‘तारीख’, ‘मुदत’ आणि ‘पीडीएफ’ हे शब्द शोधा, दहा मिनिटांत काम होतं. तिथे आलेली कोणतीही तारीख पोर्टलवर दिसल्याशिवाय खरी मानू नका.

ढोल, गुरुवार आणि अभ्यासिका

जुलैत सुरू होणारं सत्र पुण्यात ढोल-ताशांच्या सरावात सापडतं. गणपतीच्या आधी महिना-दोन महिने नदीकाठी आणि मोकळ्या मैदानांवर संध्याकाळी पथकं वाजवतात, आणि ढोलाचा आवाज खिडकी बंद करूनही अंगात घुमतो. हेडफोनने बोलणं अडतं, हा खोल ठोका पुरता अडत नाही. तेव्हा त्या काळात वाचन पहाटे आणि दुपारी. संध्याकाळी फार तर फाइलींना नावं देणं, छपाई, पाठ्यपुस्तकावर खुणा. लाइव्ह तास संध्याकाळचाच असेल तर रेकॉर्डिंगची मागणी वरच्या पत्रात एखाद्या कमी गरजेच्या मागणीच्या जागी घाला.

देखभालीसाठी वीज आणि पाणी बंद ठेवायचा वार पुण्यात बहुधा गुरुवार. त्या दिवशी काही जमा करायचं ठेवू नका. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवरचा व्होल्टचा आकडा, बहुतेक वेळा १२, जुळवून घ्या.

घरात बसवत नसेल तर सदाशिव पेठ, नवी पेठ भागात स्पर्धा परीक्षावाल्यांच्या अभ्यासिका आहेत. आसपास सगळे गप्प वाचत असले की आपणही वाचतो, हा फायदा खरा. पैसे भरण्याआधी एक दिवस बसून बघा: ट्यूबलाइट लुकलुकते का, लॅपटॉप चालतो का, जागा रोज तीच मिळते का. लाइव्ह तासात बोलायचं असेल तर ही जागा नव्हे.

पेपरचा दिवस

घरून कॅमेऱ्यासमोरच्या परीक्षेत पडद्यावरून नजर हटणं, प्रश्न पुटपुटत वाचणं, झुलणं, हात हलवणं हे सॉफ्टवेअर संशयास्पद म्हणून नोंदवू शकतं. या सवयी दाबण्यात शक्ती घालवू नका. त्या आधीच परीक्षा विभागाला लेखी कळवा आणि आलेली पोच परीक्षेआधी छापून ठेवा. सराव चाचणी असेल तर त्याच खुर्चीत, त्याच उजेडात द्या.

केंद्रावरच्या पेपरसाठी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना कामाला येतात: ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर लेखनिक न घेताही ३ तासांच्या पेपरला किमान १ तास जादा. लेखनिक हवा असेल तर लिहिता येत नसल्याचं सिव्हिल सर्जनचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. नुसतं यूडीआयडी दाखवून भागत नाही. केंद्र आदल्या दिवशी, पेपरच्याच वेळी जाऊन पाहा: फाटक कोणतं, जिना कुठे, स्वच्छतागृह कुठे. जादा वेळेचं पत्र वर्गातल्या पर्यवेक्षकाला द्यायचं नाही, आधी केंद्रप्रमुखांना दाखवायचं. पर्यवेक्षकाला ते ठरवायचा अधिकार नसतो, आणि पेपर सुरू झाल्यावर वाद झाला तर तुमचाच वेळ जातो.

बंद पडण्याची चिन्हं

रोजचा आवाज अचानक असह्य होणं, अंघोळीला-जेवायला उठवेनासं होणं, येत असलेले शब्द तोंडाशी न येणं: यातली दोन चिन्हं आठवडाभर टिकली तर अभ्यासाचे तास निम्मे करा. घरच्यांनी इथे ‘आता थोडंच राहिलंय’ म्हणू नये. जोर लावून हे बंद पडणं संपत नाही, लांबतं.

अशा कोऱ्या आठवड्यांची जागा वेळापत्रकात आधीच ठेवता येते. ‘स्वयम्’वरच्या एनपीटेलच्या (आयआयटींसारख्या संस्थांचा ऑनलाइन उपक्रम) १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५ गुण असतात, आणि असाइनमेंटपैकी सर्वांत चांगल्या ८ च धरतात. म्हणजे ४ आठवडे कोरे गेले तरी सरासरीला धक्का नाही. एक कोरा आठवडा गणपतीचा धरा, एक घरातल्या लग्नाचा किंवा पाहुण्यांचा, आणि उरलेले दोन कॅलेंडरवर कशालाही न देता मोकळे सोडा.