इजिप्तचे खांब ओळखताय? या चुका टाळा

फुलासारखं काही दिसलं की 'कमळ' म्हणून मोकळं व्हायचं, ही आपल्याकडची सगळ्यात लाडकी चूक. कर्नाकच्या देवळाच्या मोठ्या स्तंभदालनातले 134 खांब कमळाचे नाहीत, पपायरसचे, म्हणजे पाणथळ जागी वाढणाऱ्या लव्हाळ्यासारख्या वनस्पतीचे आहेत. मधले 12 सुमारे 21 मीटर उंच, माथ्यावर उमललेला पपायरस. बाजूचे 122 त्याहून बुटके, माथ्यावर मिटलेली कळी. घोटाळा होतो तो या कळीमुळे.

एका दिवाळी अंकाने माझ्या लेखातल्या फोटोखाली परस्पर 'कमळस्तंभ' छापलं. फोन केला तर उत्तर आलं, "फूल ते फूल, वाचकाला काय फरक पडतो?" पडला ना! एक वाचक तेच पान घेऊन कर्नाकला गेले, तिथल्या गाइडशी भर उन्हात हुज्जत घातली आणि परत आल्यावर जाब मला विचारला.

मी माथा शेवटी बघतो, आधी बुंधा. पपायरसचा खांब तळाशी आत वळून निमुळता होतो आणि तिथे टोकदार पानं कोरलेली असतात. कमळाच्या खांबाला ती पानं नसतात, देठ सरळ खाली उतरतात. पण बुंध्याशी सेल्फी चांगला येत नाही, मग बघणार कोण?

दुसरी चूक: खांबावर नाव रामसेस राजाचं, म्हणजे खांब रामसेसने उभारला. चित्रलिपीतली चार चिन्हं वाचता आली की हा ताप चढतोच. कर्नाकच्या या दालनात उत्तरेकडचं उठावाचं कोरीवकाम पहिल्या सेती राजाचं, दक्षिणेकडचं बहुतेक खोदीव काम त्याच्या मुलाचं, दुसऱ्या रामसेसचं. पुढे चौथ्या रामसेसने, बांधकामात काडीचा वाटा नसताना, याच खांबांवर आपली नावं कोरून घेतली. मी उतरत्या उन्हात बघतो; तिरप्या उजेडात खोडून काढलेल्या जुन्या खुणांच्या कडा दिसतात. दुपारी दहा मिनिटांत उरकणाऱ्यांना काय दिसणार!

बाकीचं थोडक्यात. सगळे खांब एकसंध नसतात: अबुसीरला साहुरे राजाच्या देवळातले ताडाच्या झाडासारखे खांब अखंड ग्रॅनाइटचे, कर्नाकचे वालुकाश्माचे तुकडे रचून केलेले. दगड उघडाबोडका नव्हता, रंगवलेला होता. देंडेराच्या देवळातले हाथोर देवीचं मुख कोरलेले खांब दुसऱ्या रामसेसनंतर हजाराहून जास्त वर्षांनी आले. आणि 'हजारो वर्षं जसेच्या तसे उभे' हे वाक्य कृपया खोडा: 1899 मध्ये कर्नाकचे 11 खांब कोसळले होते, ते नंतर पुन्हा उभारलेत.